पोरगी रायपूरला गेली, फोन बंद आहे. भजन मंडळानं काय करावं?

पत्र : आमचं महिला भजन मंडळ मानेवाडा रोडकडच्या एका देवळात दर गुरुवारी बसतं. देवळामागच्या वस्तीतली सोळा वर्षांची एक मुलगी आमच्यात खंजिरी वाजवायची. दिवाळीनंतर ओळखीतल्या एका मावशीनं 'रायपूरला साडीच्या दुकानात काम लावून देते' म्हणून तिला नेलं आणि आईच्या हातावर दहा हजार रुपये उचल ठेवली. सुरुवातीला मुलीचा फोन यायचा. आता तिचाही बंद, मावशीचाही बंद. आई चार घरची धुणीभांडी करते. बदनामी होईल, पैसे घेतले म्हणून आपल्यालाच धरतील, या भीतीनं ती पोलिसात जात नाही. मंडळातल्या काहीजणी म्हणतात, सगळ्या मिळून गंगा-जमुना या वेश्यावस्तीत जाऊन शोधू. काहीजणी म्हणतात, हे पोलिसांचं काम, आपण नामस्मरण करावं. वयानं मोठ्या एक काकू म्हणाल्या, ज्याचं त्याचं प्रारब्ध. मंडळाचे थोडे पैसे जमले आहेत, तेही लावायची तयारी आहे. देवाधर्माच्या माणसांनी अशा वेळी काय करावं?
– एक भगिनी, नागपूर

ताई, जय गुरुदेव.

बाकीचं उत्तर रात्री वाचा. आधी त्या आईला सोबत घेऊन आजच पोलीस ठाण्यात जा. दोघी-तिघी जा, जास्त नको. जाता जाता रिक्षातूनच १०९८ ला फोन लावा. ती मुलांसाठीची मदतवाहिनी आहे, रात्रंदिवस चालते, आणि तिथे झालेली नोंद पुढे उपयोगी पडते.

ठाण्यात काय मागायचं ते नीट लक्षात ठेवा. मुलगी अठराच्या आतली आहे, म्हणून नुसती 'मिसिंग'ची नोंद घेऊन परत यायचं नाही. सर्वोच्च न्यायालयानं मे २०१३ मध्येच सांगून ठेवलं आहे की हरवलेल्या प्रत्येक मुलाच्या तक्रारीत अपहरण किंवा तस्करी झाली असं धरून गुन्हा नोंदवायचा, आणि चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी कक्षाकडे द्यायचा. चोवीस तास थांबा, स्वतःच्या मर्जीनं गेली असेल, रायपूरच्या ठाण्यात जा, यातलं काहीही तुम्हाला ऐकवलं तर शांतपणे 'झिरो एफआयआर'चं नाव घ्या. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, नोंद कुठल्याही ठाण्यात करता येते, आणि तिची प्रत फुकट मिळते. ठाणेदारांनी ऐकलंच नाही तर तीच तक्रार लेखी करून पोलीस उपायुक्तांकडे द्या आणि एक प्रत गुन्हे शाखेच्या मानवी तस्करीविरोधी कक्षात पोचवा.

सोबत मुलीचा अलीकडचा फोटो न्या. शाळेचा दाखला न्या, कारण वयाचा पुरावा नसला की प्रकरण तिथेच ढिलं पडतं. मुलीचा आणि मावशीचा फोन नंबर, शेवटचा फोन कधी आला ती तारीख, त्या मावशीचा एखाद्या हळदीकुंकवातला फोटो, पैसे रोख आले की फोनवरून, नेलं ते रेल्वेनं की ट्रॅव्हल्सनं, हे सगळं घरीच एका कागदावर लिहून घ्या. ठाण्यात घाबरलेल्या बाईला तारखा आठवत नाहीत.

उचलीची गोष्ट आईनं लपवू नये. लपवली तर तपासात ती निघणारच, आणि मग खरोखरच संशय तिच्यावर जाईल. ज्यानं मुलगी ताब्यात असलेल्या माणसाला पैसे देऊन संमती मिळवली, त्यालाच कायदा तस्कर म्हणतो. ते दहा हजार हा त्या मावशीविरुद्धचा पुरावा आहे. तरी आईच्या मनाला धीर हवा म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मागा. फोन १५१००. स्त्रिया, मुलं आणि तस्करीला बळी पडलेल्यांना तिथे उत्पन्नाचा दाखला न मागता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यानंच तसं ठरवलं आहे. 'पोरगी राजीखुशीनं गेली होती' असं कोणी म्हणालं तरी हरकत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये बळी पडलेल्याची संमती धरलीच जात नाही, आणि मूल असेल तर शिक्षा किमान दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे.

आता गंगा-जमुनाचं. कृपा करून जाऊ नका. मुलगी तिथे आहे असं तुम्हाला कोणीही सांगितलेलं नाही. मुलगी हरवली म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आधी ती गल्लीच येते, एवढाच त्याचा आधार. समजा ती तिथे असती, तर दहा-बारा बायका विचारत फिरताहेत हे कळल्याबरोबर तिला दुसऱ्या शहरात हलवलं असतं. आणि त्या गल्ल्यांत राहणाऱ्या बायकांनी तुमचं काय बिघडवलं आहे? ऑगस्ट २०२१ मध्ये पोलिसांनी ती वस्ती बंद केली, तेव्हा शहरात मोठं आंदोलन पेटलं. माझं मत तेव्हाही हेच होतं की गल्लीला टाळं ठोकून बाई सुटत नाही, धंदा फ्लॅटमध्ये जातो आणि ती आणखी आत ढकलली जाते. पुढच्याच वर्षी, मे २०२२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं या बायकांना माणूस म्हणून सन्मानानं वागवायला पोलिसांना बजावलं. धार्मिक माणसांची इथे नेहमी गल्लत होते. आपल्याला वाटतं आपण पापाविरुद्ध लढतो आहोत, म्हणून त्या बायकाच आपल्याला शत्रू वाटू लागतात. शत्रू तो आहे, ज्यानं एका माणसाला फसवून, धमकावून, कर्जात अडकवून दुसऱ्याच्या फायद्यासाठी राबवलं.

आणि तो प्रत्येक वेळी कोठीवरच असतो असं नाही. कामठी-मौद्याकडच्या एखाद्या वीटभट्टीवर तो उचल फिटली नाही म्हणून अख्खं कुटुंब अडकवून ठेवतो. कोणाला ढाब्यावर राबवतो, कोणाला सिग्नलवर कडेवर दुसऱ्याचं बाळ देऊन उभं करतो. राजस्थान-मध्य प्रदेशाकडचं 'स्थळ' आणून, हुंडा नको, उलट लग्नाचा खर्च आम्हीच करतो, असं सांगून मुलगी नेतो. शिकलेल्या पोरांना बँकॉकला डेटा एन्ट्रीची नोकरी म्हणून नेऊन म्यानमारच्या छावणीत ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपतो. संविधानाच्या तेविसाव्या कलमानं माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी एकाच वाक्यात बंद केली आहे. बाबासाहेबांच्या नावानं वर्षातून एकदा हे शहर भरून वाहतं, त्या शहरात हे कलम प्रत्येकाला माहीत असायला हवं.

काकूंच्या प्रारब्धाबद्दल मला जरा सविस्तर लिहावंसं वाटतं. त्या वाईट मनाच्या आहेत असं मी मानत नाही. इतकं दुःख समोर आलं की त्याला कुठेतरी ठेवायला जागा लागते, आणि प्रारब्ध ही आपल्याकडे सगळ्यात हाताशी असलेली जागा. पण काकूंना विचारा, कान्होपात्रा कोण होती? मंगळवेढ्याच्या गणिकेची मुलगी. बिदरच्या बादशहाला ती हवी होती, माणसं न्यायला आली होती. ती पंढरपूरला पळाली आणि विठ्ठलाच्या पायांशी तिनं देह ठेवला, असं वारकरी सांगतात. देवळाच्या आवारातच तिचं स्थान आहे, तिथलं झाड लोक आजही दाखवतात. तिच्या बाबतीत 'गणिकेच्या पोटी जन्मली, तिचं प्रारब्ध' असं परंपरेनं म्हटलं नाही, तिला संत म्हटलं. विकत मागितलेल्या मुलीच्या बाजूला देव उभा राहिला, हेच आपण शेकडो वर्षं गातो आहोत.

तुमच्या वस्तीत सगळ्याच धर्मांची माणसं असतील, म्हणून हेही सांगते. बुद्धांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत शस्त्रं, मद्य, मांस, विष यांच्याबरोबर माणसांचा व्यापार आहे. पैगंबरांच्या एका हदीसमध्ये अल्लाह म्हणतो की कयामतच्या दिवशी मी तिघांच्या विरुद्ध उभा राहीन. त्यांतला एक स्वतंत्र माणसाला विकून त्याची किंमत खाणारा, आणि एक मजुराकडून काम करून घेऊन मजुरी न देणारा. कॅथलिक चर्चमध्ये ८ फेब्रुवारी हा संत जोसेफिन बखिताचा दिवस तस्करीविरुद्ध प्रार्थनेचा म्हणून पाळतात. सुदानमधली ही बाई लहानपणी पळवून गुलाम म्हणून विकली गेली होती. ताजबागच्या दर्ग्यात जाणारी शेजारीण, विहारातल्या ताई, चर्चमधल्या सिस्टर यांना या कामात सोबत घ्या. मुलगी शोधताना कोणाचं देऊळ कुठलं हे बघायचं नसतं, आणि दलाल तर कधीच बघत नाही.

नामस्मरण सोडा असं मी म्हणणार नाही. त्या आईसोबत बसून म्हणा, तिला झोप लागेल. फक्त नाम घेऊन ठाण्यात जा, ठाण्याऐवजी नाम नको.

तुम्ही विचारलंत, भाविकांनी काय करावं. माझं उत्तर तुम्हाला कदाचित छोटं वाटेल. धाड घालणं, सुटका करणं यातलं काही तुमचं नाही. तुमची जागा जाण्याच्या आधी आहे, आणि परत आल्यानंतर. मधलं काम पोलिसांचं.

आधी म्हणजे असं, की मुलगी कामाला निघाली हे वस्तीत सगळ्यात आधी कोणाला कळतं? पोलिसांना नाही, बालकल्याण समितीला नाही. तुम्हाला कळतं, कारण जाण्याआधी आई देवळात नारळ फोडायला येते. पेढे वाटते, 'पोरीला काम लागलं' म्हणून सांगते. त्या क्षणाला 'छान झालं' म्हणून पेढा तोंडात टाकण्याऐवजी चार गोष्टी विचारा. कुठे, कोणाकडे, कोण नेतंय, पगार कोणाच्या हातात पडणार? मुकादमाचा नंबर आणि आधारचा फोटो घ्या, गाडीचा नंबर घ्या, आणि आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी तिचा फोन तुमच्यापैकी एकीला येईल असं तिच्याशी ठरवा. मुलीला एक नंबर तोंडपाठ करायला लावा, कारण सगळ्यात आधी मोबाइल काढून घेतात. मंडळाची एक वही ठेवा. खरं काम देणारा या प्रश्नांनी चिडत नाही. चिडला, तर तुम्हाला उत्तर मिळालं.

बाहेरच्या राज्यातलं स्थळ आलं की तुमच्यातल्या दोघींनी मुलाचं घर बघून आल्याशिवाय देवळात लग्न लागू देऊ नका. पुजाऱ्यांशी हे आधीच बोलून ठेवा. वयाचा दाखला पाहिल्याशिवाय अक्षता पडणार नाहीत, असा त्यांनी नियमच करावा. आणि मूल होत नाही म्हणून नवस बोलायला येणारी जोडपी! त्यांना कोणीतरी कानात सांगतं की अमुक नर्सिंग होममध्ये बाळ 'मिळतं'. दत्तक 'कारा' या सरकारी दत्तक संस्थेच्या नोंदणीतून होतं, प्रतीक्षायादीतून होतं. पैसे मोजून हातात आलेलं बाळ कुठल्या तरी आईकडून विकत घेतलेलं असतं, भले घेणाऱ्याच्या डोळ्यांत कितीही माया असो. हे त्या जोडप्याला प्रेमानं सांगायला तुमच्याइतकं जवळचं कोणी नाही.

आता एक अवघड गोष्ट, आणि इथे मी तुमच्या मंडळावर दोषारोप करत नाही, फक्त विचारते. तुमच्यापैकी कोणाच्या घरी नातवंड सांभाळायला गोंदिया-बालाघाटकडून आणलेली एखादी बारा-तेरा वर्षांची पोर आहे का? 'घरच्यासारखी ठेवतो' असं सगळेच म्हणतात. ती शाळेत जाते का? तिचा पगार तिच्या नावावर पडतो की आणून देणाऱ्याच्या? तिला आज घरी जायचं म्हटलं तर जाता येईल का? चौदाच्या आतल्या मुलाला घरकामाला ठेवणं हा गुन्हा आहे. सहा महिने ते दोन वर्षं कैद आणि २० ते ५० हजार दंड. चौदा ते अठरामधल्या मुलाची कमाई अडकवून ठेवली, त्याला डांबून ठेवलं, तर पाच वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. पण मी कायद्याच्या धाकानं सांगत नाही. एका घरात भजन आणि आतल्या खोलीत दुसऱ्याचं लेकरू भांडी घासतंय, हे मला सहन होत नाही, आणि तुम्हालाही होणार नाही याची खात्री वाटते म्हणून लिहिते आहे.

देवळाचंही तसंच. सभामंडप बांधायला ठेकेदार मजूर आणतो, तेव्हा त्यांना मजुरी कोण देतं आणि किती देतं हे विश्वस्तांनी विचारावं. तुम्ही देणगी देता त्या बालकाश्रमाची बाल न्याय कायद्याखाली नोंदणी आहे का, हे पाहा. अनाथांचा आश्रम म्हटला की आपण हात जोडतो आणि कागद मागत नाही, मग ती मुलं कुठून आली हेही कोणी विचारत नाही. शनिवारी देवळाबाहेर रांगेत बसणाऱ्या मुलांना नाणं देऊ नका. जेवायला बसवा, नाव विचारा, कोणाबरोबर राहतोस ते विचारा, आणि उत्तर खटकलं तर १०९८. गाडगेबाबांनी भुकेल्याला अन्न सांगितलं, त्याच दशसूत्रीत गरीब मुलामुलींना शिक्षण सांगितलं आणि बेघराला आसरा. आपण पहिल्यावरच थांबतो, कारण ते एका दुपारी उरकतं.

आणखी एक काम आहे आणि ते फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. पिटा, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली धाड पडते तेव्हा पोलिसांना पंच म्हणून प्रतिष्ठित नागरिक लागतात, आणि त्यांत किमान एक स्त्री असावी लागते. सुटका झालेल्या बाईला कुठे पाठवायचं हे ठरवताना न्यायदंडाधिकारी पाच प्रतिष्ठित व्यक्तींची मदत घेऊ शकतात, शक्यतो त्यांतल्या तीन स्त्रिया. प्रत्यक्षात अशी बाई मिळत नाही. मिळाली तर ती वर्षांनी कोर्टात येत नाही, किंवा येऊन 'मला आठवत नाही' म्हणते, आणि दलाल सुटतो. तुमच्या मंडळातल्या निवृत्त शिक्षिका, निवृत्त नर्स, ज्यांना समाजात मान आहे आणि ज्यांच्या मुलाबाळांचं सगळं झालं आहे, त्यांनी पोलिसांच्या सामाजिक सुरक्षा विभागात जाऊन आपलं नाव द्यावं. रात्री अकराला फोन येईल. पंचनाम्यावर वाचून सही करावी लागेल, काही वर्षांनी समन्स येईल आणि समोरचा वकील टोचून बोलेल. तरी उभं राहायचं. नऊ दिवसांचे कडक उपास करणाऱ्या बायका आपल्याकडे आहेत, त्यांना हे जमणार नाही असं मला वाटत नाही.

मुलगी सापडेल तेव्हा काय? चोवीस तासांत तिला बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. समिती तिला लगेच घरी पाठवेलच असं नाही. घर सुरक्षित आहे का ते आधी तपासतात, आणि त्यात आईला राग येईल. तिला समजवा, समितीला भेटा, 'आम्ही लक्ष ठेवू' असं लेखी द्या. काही वाईट घडलं असेल तर पोक्सोचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचा गुन्हा वेगळा लागेल. तुम्हाला कळलं आणि तुम्ही सांगितलं नाही तर तोही गुन्हा आहे, म्हणून 'झाकली मूठ' करू नका. पोलिसांना सगळं सांगा, वस्तीला काहीच नाही. तिचं नाव, फोटो, शाळा यांतलं काहीही बाहेर आलं तर तो बाल न्याय कायद्याचा भंग आहे. व्हॉट्सॲपवर 'आमच्या मंडळानं मुलगी सोडवली' असा फोटो टाकायचा मोह कोणालाही होईल, त्याला आवरा. शोधासाठी फोटो आधीच ग्रुपवर फिरवला असेल तर आजच सगळ्यांना काढायला सांगा. तो पोलिसांकडे द्या.

तिला काय झालं ते विचारू नका. ती गुरुवारी आली तर खंजिरी तिच्या हातात द्या, नाही आली तर बोलावणं पाठवू नका. लग्न लावून दिलं की सुटलो, असा विचार आईच्या मनात येईल, आणि वस्तीही तेच म्हणेल. सोळाव्या वर्षी ते बेकायदाच आहे. पण अठरा पूर्ण झाल्यावरही त्याची घाई होऊ देऊ नका. तिच्याशी आधी शाळेचं बोला. नियमित शाळा नको वाटली तर मुक्त विद्यालयातून दहावी देता येते.

पैशांचं शेवटी. दलालाचा फोन आला, 'इतके द्या, पोरगी सोडतो', तर एक रुपयाही देऊ नका. नंबर पोलिसांना द्या. दिलेले पैसे पुढची मुलगी आणायला वापरले जातात. उचलीचे दहा हजारही परत करायचे नाहीत. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं राबवून घेण्यासाठी दिलेलं असं कर्ज रद्द ठरवलं आहे. तिला वेठीला धरून राबवलं होतं असं निघालं, तर जिल्हाधिकाऱ्यांकडून सुटकेचं प्रमाणपत्र मागा, त्यावर ३० हजारांपर्यंतची तातडीची मदत आणि पुढे पुनर्वसनाची रक्कम मिळते. लैंगिक अत्याचार झाला असेल तर राज्य सरकारच्या 'मनोधैर्य' या मदत योजनेचा अर्ज विधी सेवा प्राधिकरणात होतो. ही मदत यायला वेळ लागेल. तोपर्यंत आईचे बुडालेले रोज, कोर्टाचं रिक्षाभाडं, समुपदेशनाला जाण्या-येण्याचा खर्च, मुक्त विद्यालयाची फी, यासाठी मंडळाचे पैसे ठेवा. बँकेत मुलीच्या नावानं खातं उघडा, आईच्या नावानं नको. हिशेब एकीनं लिहावा आणि दुसरीनं तपासावा.

ठाण्यात गुन्हा नोंदवायला कोणी नाही म्हणालं तर त्या दिवशीच मला कळवा. तक्रारीचा लेखी मसुदा मी करून देईन.